रिकाम्या खोलीचा आवाज

"आवाज वाढव," वसुमती म्हणाली. दोघांच्या हेडफोनमध्ये रिकाम्या खोलीची शांतता सुरू होती, त्यांच्या पहिल्या कॅसेटच्या वेळची.

सांगलीतल्या हळदीच्या जुन्या गोदामात त्यांचा दोघांचा इलेक्ट्रॉनिक बँड वाढला. अल्बम करायला घेतला की वसुमती आणि हेरंब माइक चालू ठेवून चहाला जायचे, आणि रिकाम्या खोलीची ती शांतता पुढे गाण्यांच्या तळाशी अंथरायचे. कॅसेटच्या दिवसांत त्यांचा सिंथेसायझर भुंग्यासारखा घुमायचा. सीडी आल्यावर ठोक्यांचा दणका वाढला. आता लॅपटॉपवर सगळं संथ, विरळ होत चाललं होतं. नुसती शांतता मात्र त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकायला घेतली होती.

हेरंबनं आवाज वाढवला. खरखरीतून एक धून वर आली. त्यांचीच, पण पुढच्या कॅसेटमधली, तेव्हा सुचलेलीही नसलेली. डाव्या कानात वसुमतीचं वाजवणं, उजव्या कानात हेरंबचं, नेहमीसारखं. त्यांनी एकेक शांतता लावून पाहिली. प्रत्येकीत पुढचा अल्बम वाजत होता.

"मग परवा निघालेल्या अल्बमची लावतो," हेरंब हसला. "आपण पुढे काय करणार ते तरी कळेल."

अनोळखी, सुंदर धून सुरू झाली. हेरंबनं उजवा कान चाचपला, वायर हलवून पाहिली.

"माझी बाजू वाजत नाहीये गं. तुझ्याकडे येतेय?"

वसुमतीच्या उजव्या कानात खोलीची खरखर अगदी स्वच्छ ऐकू येत होती. तिथे वाजवणारं कुणी नव्हतं.

"माझ्याकडेही नाही," ती म्हणाली. "वायरच सैल असेल."