दुसरा नंबर

शेजारची काशी रिकामी पाटी घेऊन उभी होती आणि ठकुबाई तिच्याकडे न बघता भिंतीवर गोवऱ्या थापत होती.

अंजूरला सरकारी गोबरगॅस एकच आला, तोही नमुन्याचा, आणि तो काशीच्या दारात बसला. नीट चालला तर पुढच्या साली गावाला आणखी दहा, असं साहेब सांगून गेले होते. घरी चार जनावरं हवीत ही अट होती. काशीकडे म्हशी दोनच. मोजणीच्या दिवशी तिने ठकुबाईच्या दोन म्हशी मागून आपल्या गोठ्यात बांधल्या. कशाला, हे ठकुबाईने विचारलंही नाही. शेजारणीने मागावं, आपण द्यावं, ही गावची रीतच. शेगडी पेटली तेव्हा मात्र तिच्या पोटात दुखायला लागलं. म्हशी माझ्या आणि गॅस हिचा!

तरी वर्षभर तिने रोज पाटीभर शेण दिलं. मग एकदा काशी चार बायांत बोलून गेली, की आता दुसऱ्यांच्या धुरात बसवत नाही बाई. त्या दिवसापासून शेण बंद झालं.

"सोमवारी साह्यब येनार हाय, दिल्लीचा बी हाय बरोबर," काशी म्हणाली. "माज्या दोन म्हशींच्या शेनानं टाकी भरत न्हाय. पेटला तर दुसरा नंबर तुजाच, ठकुबाय. मी सोता सांगीन."

दुसरा नंबर. तोही हिच्या शब्दावर.

"शेन न्हाय," ठकुबाई म्हणाली, आणि पुढची गोवरी जरा जोरातच थापली.

सोमवारी जीप आली. साहेबांनी शेगडीची चावी फिरवून काडी ओढली. दुसरी ओढली. तिसरीही हातातच विझली. भिवंडीचे साहेब दिल्लीच्या साहेबांना म्हणाले, "गाँव अभी तैयार नहीं है, सर." मोठ्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जीप मानकोलीच्या रस्त्याला लागली. दहा गॅस तिच्याबरोबरच गेले.

संध्याकाळी काशीने परसात जुनी चूल मांडली. ती काही केल्या पेटेना, तेव्हा ठकुबाई स्वतः उठली आणि काशीला दोन सुक्या गोवऱ्या देऊन आली.

मग दोन्ही घरांतून सारखाच धूर निघाला. डोळे पुसत पुसत ठकुबाई त्या दिवशी पोटभर जेवली.