तिसरा गिअर

अण्णांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या व्हॅनचा तिसरा गिअर पडत नव्हता. दुरुस्त झाली नाही, तर आई ती भंगारात देणार होती.

अण्णांचे मित्र बुद्धरत्नकाका सकाळीच पोलादपूरला आले आणि अंगणात गाडीखाली शिरले. मी अण्णांच्या जागेवर बसले. क्लचची केबल ठीक होती, गिअर ऑइलही पुरेसं होतं.

"गिअरच्या रॉडचा बुश झिजलाय गो," काका खालून म्हणाले. "कशेडी घाट चढताना किती वेळा सांगितलं, अण्णा, गिअर हळू टाक. तर माझ्यावरच खेकसायचा, गाडी तू चालवतोस का मी!"

महिन्याभरात मी पहिल्यांदाच हसले.

काकांनी लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणारा रॉड सोडवला. "आता लिव्हरला खाली कायच जोडलेलं नाय. कशीपण हलव."

मी लिव्हरवर हात ठेवला, पण हलवली नाही. तरी ती माझ्या तळव्याखाली सरकली, न्यूट्रलला क्षणभर थांबली, पुढे जाऊन अडली. गाडी शिकवताना अण्णा माझ्या हातावर हात ठेवायचे. तेवढंच वजन हातावर आलं.

लिव्हर अडूनच राहिली. मी हळूच क्लच दाबला. खाली गिअरबॉक्समध्ये खट्ट वाजलं.

"प्रिया," काका खालून म्हणाले, "तिसरा पडला गो. पण रॉड तर माझ्या हातात हाय."