उजेड कमी पडतो

शेवटचा स्क्रू आवळून आम्रपाली उठली. हात फडक्याला पुसत म्हणाली, "बसा बाबा. लावा दिवा."

भीमराव राजदूतवर बसले. चौऱ्याहत्तर सालची मोटरसायकल. टपाल खात्यातली सगळी नोकरी त्यांनी तिच्यावरून केली. आज बहात्तराव्या वर्षीही येरवड्याहून धायरीला लेकीकडे, आम्रपालीकडे यायचं तर तिच्यावरूनच. बसने या म्हटलं की त्यांना राग यायचा.

तक्रार एकच होती. गेल्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा म्हणाले, "आमू, दिव्याचा उजेड कमी पडतो गं."

आम्रपाली आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवायची. हे तर तिच्या हातचं काम. तिनं बल्ब बदलला. "थोडा फरक पडला," बाबा म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिनं बल्बमागची काळवंडलेली वाटी बदलली. मग वायरी बदलल्या. मध्ये एकदा त्यांनी गाडी सोसायटीच्या फाटकाला घासली, तेव्हा ती फटकन बोलली होती, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" ते म्हणाले, उजेडच कमी पडतो.

शेवटी तिनं ठरवलं, आता याचा निकालच लावायचा. सहा व्होल्टची जुनी वायरिंग तिनं उपटून काढली, बारा व्होल्टची घातली आणि जुन्या गोल काचेमागे एलईडी बसवला. तीन रविवार गेले. विद्यार्थ्यांना दाखवावं असं काम झालं होतं.

दिवेलागणीची वेळ होती. भीमरावांनी बटण दाबलं. गल्लीच्या टोकाची भिंत लख्ख पांढरी झाली. समोरून येणाऱ्या दोघांनी डोळ्यांवर हात धरले. शेजारच्या शकूमावशी चहाचा कप घेऊन बाहेर येत होत्या. त्या ओरडल्या, "अगं, गल्लीत विमान उतरवतेस काय?"

आम्रपाली हसली. "काय बाबा, आता?"

ते समोर बघत राहिले. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बरा आहे. मागच्यापेक्षा थोडा बरा."

"थोडा? याहून जास्त हवा असेल तर सूर्यच आणून बसवते!"

"नाही गं, छान आहे. उगाच चिडू नकोस."

शकूमावशी त्यांच्या उजव्या हाताशी येऊन उभ्या राहिल्या. कप पुढे धरला. भीमराव तसेच समोर बघत होते.

"भाऊ, चहा."

आवाजासरशी ते दचकले. हाताचा धक्का लागून कप फरशीवर फुटला.

"माफ करा वहिनी. तुम्ही कधी आलात?"

आम्रपालीचं हसू मावळलं. ती त्यांच्या बाजूला गेली. कानापासून हातभर अंतरावर तिनं तीन बोटं धरली. "बाबा, समोरच बघा. मान वळवू नका. किती बोटं आहेत?"

"कुठे आहेत बोटं?"

तिनं हात हळूहळू पुढे आणला. तो जवळजवळ हँडलच्या समोर आला तेव्हा ते म्हणाले, "हां. तीन."

तिनं वाकून दिवा बंद केला. मग बराच वेळ ती कपाचे तुकडे गोळा करत बसली.

मंगळवारी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या दुपारपर्यंत चालल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांना किती दिसतं त्याचे कागद टेबलावर पसरले. काळा भाग कडेनं आत सरकत आला होता. मध्ये पांढरी जागा उरली होती, रुपयाएवढी.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं. गाडी मात्र आजपासून बंद."

भीमरावांनी मान हलवली.

"सुरुवातीलाच आला असतात तर बरंच वाचलं असतं, आजोबा. अंधारात दिव्यांचा उजेड कमी वाटतो, त्यावरून कळतं बऱ्याचदा. तुम्हाला तसं कधीपासून वाटतंय?"

आम्रपालीनं बोलायला तोंड उघडलं. टेबलाखाली भीमरावांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"परवापासूनच," ते म्हणाले. "हिला सांगितलं मात्र, लगेच घेऊन आली मला."