सत्तर पौंडांचं धनुष्य

विस्कॉन्सिनमधल्या त्या धनुष्यांच्या दुकानात शिरताच ओरिननं आपलं जाकीट दाराशेजारच्या पुतळ्याच्या कोपरावर टांगलं. शिकारी कपड्यांतला, धनुष्य ताणून उभा असलेला पुतळा झकास होता.

"पहिलंच घेतोय, हरणाच्या शिकारीला," तो मालकीणबाईंना म्हणाला. "सत्तर पौंड ताणाचं द्या."

"नवख्याला पन्नास रग्गड झाले," आर्लीनबाई म्हणाल्या.

"मेहुणा सत्तरचं ओढतो. त्याच्यापुढे नाक कापून घेऊ?"

बाईंनी धनुष्य त्याच्या हातात दिलं. ओरिननं दातओठ खात दोरी गालापर्यंत खेचली. धनुष्याच्या दोन्ही टोकांना बसवलेली छोटी चाकं फिरली आणि सगळा भार एकदम हलका झाला.

"बघा! असा दिवसभर उभा राहीन!"

"राहावंच लागेल. बाणाशिवाय दोरी सोडलीस तर धनुष्याच्या ठिकऱ्या उडतील, तुझ्या तोंडासकट. आणि हळूहळू परत न्यायची तर पुन्हा सत्तर पौंड पेलायचे."

ओरिननं दोरी जराशी पुढे जाऊ दिली. खांदा निखळतोय असं वाटताच घाबरून मागे खेचली.

"मग बाण लावा की!"

"दुकानात बाण सोडायला मनाई आहे. तू असा दाराकडे सरक बघू, गिऱ्हाइकांना वाट राहू दे."

ओरिन धनुष्य ताणूनच दाराकडे सरकला. शेजारचा पुतळा हळूच खाकरला.

"मेहुणा का? माझ्या वेळी सासरा होता," तो म्हणाला. "आणि बाबा रे, तेवढं तुझं जाकीट काढ ना, कोपराला रग लागलीय..."

मग त्याची नजर ओरिनच्या हातांवर गेली.

"राहू दे."