तब्येत कशी आहे?

कोर्टातली दिरंगाई संपवण्यासाठी लढणाऱ्या आमच्या संस्थेत नवी माणसं घ्यायची होती. मुलाखती मी घेत होतो. एक बाई आल्या, बसण्याआधीच म्हणाल्या, “साहेब, तब्येत कशी आहे आता?” मी गोंधळलो. “आमच्या घराच्या दाव्यात तुम्ही समोरच्यांचे वकील होतात. अकरा वर्षं. सारखे आजारी पडायचात, तारीख पुढे जायची. आई म्हणायची, आधी त्यांना बरं वाटू दे, घराचं मग बघू.” “आई कशा आहेत?” “निकालाआधीच गेली.” आजारपणाच्या त्या चिठ्ठ्या मी डॉक्टर मित्राकडून लिहून घ्यायचो. “मी आजारी नव्हतो,” मी म्हणालो. “एकदाही नाही.” त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला. मला वाटलं, निघाल्या. “नोकरी मला हवीच,” त्या म्हणाल्या. “मुलाखत मात्र दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा.” सहकाऱ्याला आत पाठवलं आणि बाहेर उमेदवारांच्या बाकावर बसलो.