सराव पाठ, आठवी ब

बी.एड.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या हेमांगीचा तो पहिलाच सराव पाठ. धुळ्यातली शाळा, आठवी ब, विषय विद्युत परिपथ. छोटासा परिपथ तिच्या धाकट्या भावानं, किरणनं, पुठ्ठ्यावर जोडून दिला होता. तोही यंदाच इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला लागलेला. ती निघताना ऐटीत म्हणाला, "ताई, घाबरू नको. बठ्ठं चेक करेल शे!" सगळं तपासलंय, अशी त्याची अहिराणीतली हमी.

निरीक्षक सर शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. हेमांगीनं सेल घातले, बटण दाबलं. एलईडी पेटला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. रात्रंदिवस पाठ केलेलं टाचण डोक्यातून साफ पुसलं गेलं, आणि मनातल्या मनात तिनं किरणला चार शिव्या हासडल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची ऋतिका उठून टेबलाजवळ आली. तिनं दोन्ही सेल काढले, उलट बाजूनं बसवले आणि बटण दाबलं. लाल दिवा लख्ख पेटला.

"तुला कसं गं कळलं?" हेमांगीनं कुजबुजत विचारलं.

"मॅडम, या महिन्यात हा पाठ आम्हाला सहाव्यांदा होतोय. घाबरल्या की सगळ्याच मॅडम सेल उलटे घालतात," ऋतिकाही तितक्याच हळू आवाजात म्हणाली.

 

"आता मला मोठ्यानं शाब्बास म्हणा. सर त्याचे तुम्हाला मार्क देतात."