चार खुंट्या

रीताचे बाबा रोज वडशाहून नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीला शाळेची मुलं नेत. गाडीत इंजिनावरचं कव्हर खडखडायला लागलं, म्हणून रीताने सकाळी बॉनेट उघडलं. कव्हर ज्या चार खुंट्यांवर बसतं, त्यांतली एक मुळापासून तुटली होती. एका दणक्याने तुटलेलं प्लास्टिक असं दिसत नाही. तुटलेल्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. कुणीतरी ते कव्हर रोज ओढून काढत होतं.

तिने कव्हर उलटं केलं. आतल्या फोममध्ये ब्लेडने कापलेला खड्डा होता, नेमका पव्व्याच्या मापाचा. इकडच्या जिल्ह्यात दारूबंदी, पण नदीपलीकडे दारू मिळते. पुलावरच्या नाक्यावर पोलीस डिकी बघतात, सीटखाली बघतात, इथे कोण बघणार? दारू सोडून सात महिने झाले, असं बाबा सगळ्यांना सांगत होते.

फेविक्विकवर खायचा सोडा भुरभुरून तिने तुटलेली खुंटी जोडली. मग उरलेल्या तिन्ही खुंट्यांनाही फेविक्विक लावून कव्हर दाबून बसवलं.

"झालं का वो बाई? पोरं बसले गाडीत," बाबा म्हणाले.

"झालं. पण आता हे कव्हर निघनार नाई."

"निघनार नाई? मंग मी ऑइल कसं पाहू?"

"ऑइलची दांडी कव्हरच्या बाहेर हाये, बाबा."

बाबांनी कव्हर एकदा ओढून पाहिलं, ते हललं नाही. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"आज पोरायले तूच सोडून ये, माय. मी चालवाच्या हालतीत नाई."